फॉन्टचं नाव

सकाळी अकरा वाजता लालबागच्या चाळीत हरेश्वर परबांचा जुना कॉम्प्युटर नव्या सिस्टिमवर सुरू झाला. जुनी सारखी बंद पडत होती, म्हणून मुलगी विनयानेच मेकॅनिकला बोलावून ती बदलून घेतली होती.

संपात गिरणीची नोकरी सुटल्यावर परब त्याच कॉम्प्युटरवर लग्नपत्रिका टाईप करायचे. फावल्या वेळात त्यांनी संपाची सगळी हकिकतही त्यावर लिहिली होती. हल्ली त्यांना काहीच आठवत नाही. विनया रोज त्यातलं एक पान वाचून दाखवायची आणि ते परक्याची गोष्ट ऐकावी तसे विचारायचे, "मगे काय झाला?"

आज फाईल उघडली, तर पानभर नुसती वेडीवाकडी चिन्हं.

"ताई, फाईल शाबूत आहे, पण जुना मराठी फॉन्ट पुसला गेला," मेकॅनिक म्हणाला. "तसले ढीगभर फॉन्ट होते. नाव सांगा, शोधून बघतो."

विनया वडिलांजवळ बसली. "बाबा, तुम्ही कुठल्या फॉन्टमध्ये लिहायचात? नाव आठवतंय का?"



 

"ता ऱ्हवांदे," ते म्हणाले. "संप मिटलो काय गो?"