पोरं येईपर्यंत

“सुई आत्ता नको. पोरं येऊ देत. इतकी सुरेख केस पुन्हा मिळायची नाही,” असं म्हणून हर्षे सरांनी सकाळीच निवासी डॉक्टरला थांबवलं होतं. शेवंताबाईंच्या फुफ्फुसाभोवती पाणी साचलंय, हे त्यांनी पाठीवर बोटानं ठोकूनच ओळखलं होतं.

आता दुपार होत आली होती. उशी कवटाळून, पुढे वाकून बसलेल्या शेवंताबाई धापा टाकत होत्या आणि विद्यार्थी एकेक करून त्यांची पाठ ठोकत होते.

“आवाज बद्द येतोय. पाणीच आहे, सर,” शेवटची मुलगी म्हणाली.

“उपचार?”

“सुईनं पाणी काढायचं.”

“केव्हा?” हा सरांचा ठेवणीतला प्रश्न.

“लगेच, सर. निदान झाल्यावर थांबायचं कशाला? किती दम लागलाय त्यांना!”

ओठांवर आलेलं ‘शाब्बास’ सरांना गिळावं लागलं. त्यांनी निवासी डॉक्टरकडे पाहिलं. सकाळपासून मांडून ठेवलेल्या ट्रेवरचं फडकं तो उगाच सारखं करत होता. सरांची मान खाली गेली.

“झालं का पोरांचं शिकून, साहेब?” शेवंताबाईंनी धापा टाकतच विचारलं. “नसंल झालं, तर बसते की अजून थोडी.”