काचेतली होडी

ठमीने कॅमेऱ्यावरच्या काळ्या कापडातून डोकं बाहेर काढलं तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"चंदरभाऊ, होडी उलटी हाय! धनी खाली डोकं, वर पाय!"

"भिंगाचा गुण आहे तो, वहिनी. होडी सरळ असली की काचेवर उलटीच दिसते. कागदावर नीट येईल."

रेवदंड्याच्या वाळूवर नामाची नवी होडी हळदीकुंकू लावून पहिल्या फेरीला सजली होती. पुढच्या टोकावर नामा छाती काढून उभा. चंदरचाही हा पहिलाच फोटो. तोवर गावातली माणसं फोटोसाठी अलिबागला जात. सायकल विकून त्याने मुंबईच्या जुन्या बाजारातून हा अवजड कॅमेरा आणला होता. मधल्या घडीच्या कातडी भात्याला ठिगळं, तिपाईचा एक पाय सुतळीने बांधलेला. ठिगळातून उजेड शिरला तर आतली फोटोची प्लेट वाया, या धास्तीने तो ती पुन्हापुन्हा चाचपत होता.

"मंग पेटी उलटी धरा की!"

तिच्या समाधानासाठी त्याने कॅमेरा उचलून खरोखर पालथा धरला. ठमी पुन्हा कापडात शिरली. होडी उलटीच.

ती धावत होडीपाशी गेली. "आज जाऊ नका वो!"

"पेटीतला समुद्र बघून मला घरी बसवतेस व्हय?" नामा हसला. खलाशीही हसले. "हट ठमे, पानी उतरतंय!"

चंदरने कॅमेरा तिपाईवर बसवला, प्लेट सरकवली, भिंगाचं झाकण काढलं, श्वास रोखून पुन्हा लावलं. झालं. सगळ्यांनी रेटा दिला आणि होडी पाण्यात घुसली.

ठमी पाण्यापाशी थांबली नाही. कॅमेऱ्याजवळ आली.

"पुन्ना उघडा."

"फोटो झाला, वहिनी."

"फोटू नको. दावा नुसतं."

त्याने प्लेट काढून घेतली, झाकण उघडलं, कॅमेरा होडीकडे वळवला. ठमी कापडाखाली गेली. ती रडतेय की काय, त्याला कळेना.

"वहिनी, घाबरू नका..."

"घाबरत न्हाय. तुमीच म्हनलात ना? हितं उलटी हाय, तोवर तितं सरळ हाय."

होडी लहान होत गेली. चंदर अंदाजाने भाता मागेपुढे करत तिला काचेवर स्पष्ट ठेवत राहिला. मग नुसतं पाणी उरलं.

"गेली, वहिनी," तो हळूच म्हणाला.

"थांबा," कापडातून ठमी म्हणाली. "पेटी हलवू नका."