चौऱ्याण्णव टक्के

विद्यापीठाचा पट्टा मनगटावरून दिवसभर प्रश्न विचारायचा आणि उत्तरं ऐकून लवकर प्रवेश मिळण्याची शक्यता दाखवायचा. केतकीचा आकडा महिनाभर बासष्टवरच हटून बसला होता. दुपारी तिचा जरा डोळा लागला. जाग आली तेव्हा पट्टा पोळ्या लाटणाऱ्या आईच्या हातात होता आणि आकडा होता चौऱ्याण्णव!

"तू झोपलीस की आकडा उतरवतो मेला," आई ओशाळून म्हणाली. "म्हणून दिली मीच उत्तरं. तारे का विझतात, असलंच काहीबाही. बारावीपर्यंत शिकलेय की मी."

केतकीने नवा, कोरा अर्ज उघडला.

"आई, दाखल्यावरचं तुझं माहेरचं नाव सांग. पूर्ण."

लाटणं थांबलं.

"वैजयंता आबाजी चिखले," आई म्हणाली, वर्गात हजेरी द्यावी तशी.