छत्रीखालची खुर्ची

बटणांचा बुडता कारखाना घ्यायला परदेशी कंपनी तयार झाली, तेव्हा मालकाला आभाळ ठेंगणं झालं. मग घोडं अडलं ते देशाच्या सुरक्षेसाठी होणाऱ्या सरकारी तपासणीपाशी. खाली चाळीस कामगार जीव मुठीत धरून बसले होते. वर ऑफिसात तपासनीस बाईंनी मालकाला विचारलं, “कंपनीचे लोक तीनदा आले. यंत्रं कितीदा पाहिली?” एकदाही नाही! मालकाला आत्ता जाणवलं. “त्यांना गच्चीच आवडायची,” तो उसनं हसला. “मी खुर्ची सावलीत ठेवायचो, ते कठड्याशी उन्हात न्यायचे. शेवटी तिथे छत्री बसवली.” बाई गच्चीवर जाऊन त्या खुर्चीत बसल्या आणि समोर पाहू लागल्या. मालकाने त्यांच्या खांद्यावरून पाहिलं. समोर हवाई दलाची धावपट्टी होती. रोजचीच, म्हणून न दिसलेली. लढाऊ विमान उडालं. बाईंनी घड्याळ पाहिलं. “छत्री कोणी बसवली?” “मीच,” म्हणत मालक ती मिटायला धावला.