पंधरावा करार

"काका, आता पिशवी माझ्याकडे द्या," ड्रागिशा इंग्रजीत म्हणाला.

घरात गोठलेल्या मटारची पिशवी एकच होती आणि दुखरे गुडघे चार. गणपतरावांनी आपल्या उजव्या गुडघ्यावरची पिशवी उचलून त्याच्या डाव्या गुडघ्यावर ठेवली.

"बाबा, ते मटार उसळीला आणलेत हं!" आतून प्रणिता ओरडली.

"उसळ नंतर. आधी ह्याचा करार होऊ दे," गणपतराव म्हणाले.

ड्रागिशाने मटार गुडघ्यावर दाबून धरले.

सिंगापुरातल्या टॅम्पिनीसच्या त्या फ्लॅटमधली मागची खोली प्रणिताने त्याला भाड्याने दिली होती. माणूस सर्बियाचा, उंची सहा फूट नऊ इंच, वय सदतीस. सोळा वर्षं पोटासाठी बास्केटबॉल खेळत हिंडला. चौदा क्लब, अकरा देश. मंगोलियात बर्फाने रस्ते बंद झाले म्हणून अर्ध्यातून परत. स्लोव्हाकियात त्याच्या नावाची जर्सी शिवायला वेळ नव्हता म्हणून आधीच्या खेळाडूची घालून अख्खा मोसम काढला. शेवटी लोक त्याच नावाने सही मागायला लागले. बेरूतमध्ये एजंट पळून गेला, तेव्हापासून करार तो स्वतःच करी.

"मैदानात मी साधा," तो म्हणे, "पण कराराच्या टेबलाशी बसलो की चॅम्पियन."

इथला करार तीस तारखेला संपत होता. आणखी एक वर्ष मिळणार की नाही, याचा घोर त्याच्यापेक्षा गणपतरावांना जास्त. कारण उभ्या सिंगापुरात त्यांच्या कीर्तनाला बसणारा तेवढा एकच. प्रणिता बुओना व्हिस्टाच्या ऑफिसातून दमून यायची. कीर्तन लांबलं की नात गार्गी "आजोबा, सो लाँग लाह!" म्हणून कानांत हेडफोन खुपसायची. ड्रागिशा मात्र संध्याकाळी सहाला मांडी घालायचा प्रयत्न करी, ती काही जमत नसे, मग पाय कपाटाखाली सारून बसे. त्याच्या पंजात झांजा कोटाच्या गुंड्यांएवढ्या दिसत. मराठीचा शब्द एक कळत नसे, पण ताल कधी चुकला नाही.

"पूर्वरंग म्हणजे फर्स्ट हाफ," गणपतरावांनी त्याला समजावलं होतं. "मध्ये बुक्का लावायचा. मग आख्यान."

नारदमुनी त्याला फार आवडले. एका जागी राहायचं नाही असा त्यांना शाप होता, हे ऐकून त्याने विचारलं, "कुठल्या क्लबचे?"

"सगळ्यांचेच. कुणाचेच नाहीत."

"बिचारे," ड्रागिशा म्हणाला.

त्याचा करार वाढावा म्हणून गणपतरावांनी नवस बोलला होता: सलग अकरा दिवस उभ्याने कीर्तन, गुडघे गेले तरी बेहत्तर. आज दहावा झाला होता.

"तुम्हीपण तीसलाच जाणार ना, काका?"

"हो. सहा महिने लेकीकडे, सहा महिने लेकाकडे. रोहनचं मेलबर्नला मोठं घर आहे. मागे बाग आहे, बागेत बाक आहे. त्यावर बसायचं."

"मग?"

"मग काय, बसायचं."

"आणि इथेच राहायचं असेल तर?"

"लेकीला कुणी विचारतं का असं, राहू का म्हणून? ठेवेल तेवढं राहावं. मागायचंच तर देवाकडे, आणि तेही दुसऱ्यासाठी."

ड्रागिशाने मटार दुसऱ्या गुडघ्यावर घेतले. "काका, तुम्ही फार वाईट एजंट आहात."

दुसऱ्या दिवशी सकाळी दाराशी एक बॅग बांधून उभी दिसली. दोन दिवस आधीच माझी तयारी केली पोरीने, असं मनात म्हणत गणपतराव बॅगेला वळसा घालून फुलं आणायला गेले. ड्रागिशा घरीच होता. सरावाला सुट्टी, म्हणाला. आठवडाभर सुट्टीच चालली होती.

अकरावं कीर्तन झालं. आरतीला प्रणिताही वेळेवर आली. प्रसाद तोंडात टाकून ड्रागिशा तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात शिरला आणि त्याने दार लावून घेतलं. ती ऑफिसात माणसं नेमायचंच काम करते. तिच्यासमोर मुलाखतीची तालीम करत असणार. गणपतराव दाराला कान लावून उभे राहिले.

"वय झालं, मान्य," ड्रागिशाचं तुटक इंग्रजी ऐकू आलं. "गुडघे गेले. वेग नाही. पण नव्या पोरांना असं जुनं माणूस जवळ लागतं."

"हट्टीपणाचं काय?" प्रणिताने विचारलं.

"हट्टी आहेच. पण दांडी एक दिवस नाही."

"दुसरीकडची ऑफर आहे ना?"

"तिकडे थंडी. तिकडे नुसतं बाकावर बसवतील."

मग नाक शिंकरल्याचा आवाज. पोर हळवीच, गणपतराव मनात म्हणाले, तालमीतसुद्धा रडते.

दार उघडलं. त्याचं डोकं आपटू नये म्हणून चौकटीला बांधलेला स्पंज चुकवत ड्रागिशा वाकून बाहेर आला. हातात कागद.

"एक वर्ष, काका."

"पावला रे पावला!" गणपतरावांनी देवापुढची साखर त्याच्या तळहातावर ओतली. "नमवलंस त्यांना!"

"समोरची पार्टी रडली," ड्रागिशा म्हणाला. "चौदा क्लबांत असं झालं नव्हतं. घ्या, सही करा."

"साक्षीदार म्हणून? करतो की!" त्यांनी चष्मा चढवला. तो पुसायचा राहिला होता, म्हणून कागद नाकाशी धरून मोठ्याने वाचायला लागले. "कलम एक. कीर्तन रोज करावे, मात्र साडेसातला आटोपावे. कलम दोन. ओट्याशी येऊन फोडणीबद्दल सूचना करू नयेत. कलम तीन. यापुढे जे हवं ते तोंडाने मागायचं, बाबा, मागायचं! अरे, कसला क्लब आहे हा?"

त्यांनी चष्मा धोतराला पुसला आणि पुन्हा वरपासून पाहिलं. खेळाडूच्या नावापुढे प्रणिताच्या अक्षरात लिहिलं होतं, गणपत केशव आठल्ये. आणि दाराशी बांधून ठेवलेल्या बॅगेच्या चेनमधून हातभर लांबीचा एक बूट डोकावत होता.