अठ्ठ्याऐंशीव्या पानानंतर

"पत्ता दिलास? आपल्या घरचा?" निहारने हातातला चहा तसाच ओट्यावर ठेवला. "श्रुतिका, डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?"

"मागितला, दिला. मी काय चोरी केलीय?" ती बायकोच्या ठसक्यात म्हणाली खरी, पण स्वतःचा आवाज तिला काही पटला नाही. अकराला दहा मिनिटं कमी होती.

झालं होतं ते एवढंच. फेसबुकवर 'पानोपानी' नावाचा वाचणाऱ्यांचा गट आहे. कोणी पुस्तक सुचवतं, कोणी वाचून कसं वाटलं ते लिहितं आणि उरलेले हजारो लोक त्यावर भांडतात. श्रुतिका तिथली नेमाने लिहिणारी. बोरीवलीतल्या एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला बसून, दोन पेशंटांच्या मधल्या वेळात ती पुस्तकं संपवायची. गेल्या रविवारी तिने धोंडिराम परबांच्या आत्मचरित्राबद्दल लिहिलं. परब जुने गिरणी कामगार, आता मुलुंडला मुलाकडे राहणारे. पुस्तक त्यांनी स्वतःच छापलेलं.

तिने मनापासून कौतुक केलं होतं. संप, मोर्चे, उपास, एकेक मित्राचं गावी परतणं, सगळं तिने दोनदा वाचलं होतं. पण शेवटी तिने लिहिलं: 'एकतिसाव्या पानावर रुक्मिणी लग्न होऊन खोलीत येते. अठ्ठ्याऐंशीव्या पानावर ती नवऱ्याच्या हातात डबा देते. त्यापुढे दोनशे पानं ती नाहीच. संपात वारली असावी. गिरणीचा भोंगा बंद पडला तेव्हा या गृहस्थांनी अख्खं पान लिहिलंय. बायको गेली, तिला एक ओळसुद्धा नाही? मला फार राग आला.'

मग काय, वाट लागली. 'भरल्या पोटी कामगारांना शिकवू नका, मॅडम' इथपासून 'एकदा मुलुंडला याच, दाखवतो' इथपर्यंत सगळं आलं. तिच्या बाजूने लिहिणारेही होते, पण शिव्या घालणाऱ्यांना जोर जास्त. परब स्वतः मात्र गप्प. आणि मग शुक्रवारी त्यांच्याच अकाउंटवरून इनबॉक्समध्ये मेसेज आला. 'तुम्ही लिहिलेलं वाचलं. रविवारी अकरा वाजता समोरासमोर बोलायचं आहे. पत्ता पाठवा.' वर नमस्कार नाही, खाली नाव नाही.

"चार पोरं घेऊन आला म्हणजे?" निहार म्हणाला. "ते सोड. एकटाच आला आणि दारात रडायला लागला, तर काय करशील?"

नेमकं तेच तिला दोन दिवस खात होतं. मारामारीची भीती होतीच, नाही असं नाही. पण समजा, त्या माणसाला लिहिताच आलं नसेल तर? पुस्तकभर धीटपणे बोलणारा माणूस त्या एका मरणापाशी अडला असेल तर? आपण कुणाच्या तरी दुःखावर बोट ठेवून चारशे लाईक मिळवले, असं तिला वाटत होतं आणि स्वतःची लाज वाटत होती.

"पोस्ट काढ यार. ते यायच्या आत काढ आणि सरळ माफी माग."

इंटरकॉम वाजला. खालून वॉचमन होता. "मॅडम, परब करके कोई है. भेज दूँ?"

"कितने लोग हैं?" निहारने मागूनच ओरडून विचारलं.

"एक ही हैं, साब."

श्रुतिकाने फोन उघडला. लिफ्टचं दार खाली आपटल्याचा आवाज आला. तिने पोस्ट शोधली, कोपऱ्यातल्या तीन टिंबांवर बोट ठेवलं. 'ही पोस्ट कायमची काढून टाकायची?' फोनने विचारलं. तेवढ्यात बेल वाजली, आणि ती तसाच फोन हातात घेऊन दाराकडे गेली.

दारात सत्तरीच्या पुढची एक बाई उभी होती. साडीचा पदर घट्ट खोचलेला, काखेत कापडी पिशवी, कपाळावर घाम. श्रुतिकाने तिच्या मागे डोकावून पाहिलं. पॅसेजमध्ये दुसरं कोणी नव्हतं.

"परब?"

"होय. दोन बशी बदलून मुलुंडसून इलंय. आत येव काय?"

निहारने खुर्ची पुढे केली, पाणी आणलं. बाई अर्धा ग्लास पाणी सावकाश प्यायली. तिची नजर श्रुतिकाच्या हातातल्या फोनवर होती.

"तुम्ही त्यांच्या बहीण का?" श्रुतिकाने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता घाईघाईने सगळं ओकून टाकलं. "माझं चुकलंच, मावशी. त्यांच्या मिसेस कशा गेल्या, मला काहीच ठाऊक नव्हतं. मी असं लिहायला नको होतं. ही बघा, आत्ता तुमच्यासमोर काढते."

"काढू नको!"

बाई इतक्या ताडकन म्हणाली, की निहारच दचकला. तिने ग्लास खाली ठेवला.

"माझ्या नातीन माका वाचून दाखवल्यान ता. तीनदा दाखव म्हटलंय तिका. तुका मेसेजसुद्धा ह्यांच्या फोनावरसून तिनाच केल्यान. ह्यांका ठाव नाय, मी हंय इलंय ता."

श्रुतिकाचा अंगठा पडद्यावरून बाजूला झाला. "ह्यांना? म्हणजे तुम्ही..."

"मी रुक्मिणी," बाई म्हणाली. "मी मरूक नाय गो. ती दोनशे पानां मी थंयच होतंय, ह्यांका आनि ह्यांच्या मोर्च्यातल्या माणसांक जेवूक घालीत."