नावेच्या जुन्या बॅटऱ्या

"हळू गा, हळू! माही नाव बुडवतं काय?" भैयाजी काठावरून ओरडले.

प्रेमानंदने मान वर केली नाही. शिडाच्या नावेच्या पोटात वाकून तो जुन्या बॅटरीचा नट जपून सोडवत होता. गेल्या वर्षी याच नावेवर नटाला जरा जास्त जोर लावला, तर बॅटरीच्या डोक्यावरचं शिशाचं टर्मिनलच तुटून हातात आलं होतं. भैयाजींना दिसलं असतं तर त्यांनी दिवसभर डोकं खाल्लं असतं, म्हणून त्याने ते झटकन खिशात घातलं होतं.

कुहीच्या पुढे, धरणाच्या फुगवट्यावर भैयाजींची ही नाव उभी असे. रविवारी नागपूरची मंडळी हवा खायला येत. दिवे, गाणी आणि वारा पडला की छोटी मोटर, सगळं बॅटऱ्यांवर चाले. त्यांचं काही निघालं की नागपूरच्या सदर भागातल्या बॅटरीच्या दुकानातून प्रेमानंदच येई.

"हातमोजे, तोंडाले फडकं! काहून गा, ऑपरेशन करून राहिला काय?"

"पोरीच्या रक्तात शिसं निघालं, भैयाजी."

भैयाजींचा आवाज खाली आला. "हे तेच पोरगी ना? मागच्या साली तुह्यासंगं आली होती, नाव कलली तं केवढी किंचाळली!"

"हो. घरी गेल्यावर ताप भरला होता. माह्या आईनं ताईत बांधला, तवा उतरला."

तो ताप परवडला, असं आता प्रेमानंदला वाटे. कारण पुढे वैभवी पोट धरून रडू लागली. शाळेत शिकलेलं घरी येईपर्यंत विसरू लागली. रक्त तपासल्यावर डॉक्टरांनी बापाचा धंदा विचारला आणि सगळ्यांच्या नजरा प्रेमानंदवर वळल्या. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेव्हापासून तो कामाचे कपडे दुकानातच ठेवी आणि तिथेच अंघोळ करून घरी जाई. जुनी बॅटरी तर सोडाच, तिचा साधा स्क्रूही घराचा उंबरठा ओलांडत नसे. तरी दुसऱ्या तपासणीत शिसं वाढलेलंच निघालं. मग मात्र त्याच्या बायकोने, प्रीतीने, पोरीला उचललं आणि उमरेडला माहेर गाठलं.

"नवे कपडे, नवं दप्तर, नवी बाटली. या घरातली काडीबी नेत नाही मी," ती निघताना म्हणाली होती. "तिथं माह्या बाबाचा हातमाग हाय, बॅटरी नाही. तिथं शिसं उतरलं, तं समजून घ्या कोणाचं पाप होतं."

आज तिसरी तपासणी होती; त्यासाठी प्रीती पोरीला घेऊन नागपूरला येणार होती. प्रेमानंदने मनाशी ठरवून टाकलं होतं. शिसं उतरलं असेल तर ही नाव शेवटची. उद्यापासून मजुरी करू, भाजी विकू, पण बॅटरीला हात लावायचा नाही. दुसरं काही येत नव्हतं त्याला, पण पोरीपुढे धंद्याची काय मातब्बरी!

जुन्या बॅटऱ्या त्याने एकेक करून कारखान्याच्या गाडीत सरळ उभ्या ठेवल्या, टर्मिनलवर टोप्या घातल्या, पट्ट्याने आवळल्या. हिंगण्याच्या कारखान्यात त्या नीट वितळवून त्यांच्यातूनच नव्या बनत. वाटेत थेंबभरही कुठे सांडू नये, एवढीच त्याला काळजी होती. गाडी दिसेनाशी होईपर्यंत तो रस्त्यावर उभा राहिला.

दुकानात साबणाने खसाखसा अंग घासून तो घरी पोचला तेव्हा प्रीती दवाखान्यातून आलेली होती. वैभवी आजीच्या मांडीवर रेलून गळ्यातला ताईत चघळत होती. ती फारच वाळलेली दिसत होती.

"उतरलं?" त्याने दारातूनच विचारलं.

"वाढलं."

तो चप्पल काढून आत आला. म्हणजे माझ्यामुळे नाही, हाच विचार आधी आला आणि त्याची त्याला लाज वाटली.

"मंग कशानं वं?"

"डॉक्टर म्हणते, पोरीसंगं इथून जे तिथं गेलं, ते शोधा," प्रीती म्हणाली. "मी तं इथून काहीच नेलं नाही."

"काहीच नाही कसं?" आजीला, म्हणजे भागीरथाबाईंना, ते लागलं. "हा ताईत नाही गेला तिच्यासंगं? हा हाय म्हणून तगून हाय पोरगी. चावून चावून फडकं फाडते, मीच नवं शिवून देतो."

प्रेमानंदने पोरीच्या तोंडातून ताईत सोडवून तळहातावर घेतला. एवढ्याशा फडक्याच्या मानाने तो फार जड लागला.

"आई, याच्यात काय हाय?"

"ज्याले पाहून लेकरू भेलं, त्याचाच तुकडा गळ्यात बांधा लागते," भागीरथाबाई म्हणाल्या. "मी म्हटलं, त्या नावेचं काहीबी आणून दे. तं खिशातून काढून तूच नाही का देल्ला?"